पिसलेली कार्डं

"कार्डं रोज पिसत जा," सासूबाईंच्या प्रौढ साक्षरता वर्गाच्या बाईंनी सुनेला बजावलं होतं. "आणि डाग पडलेलं कार्ड लगेच बदला. मोठी माणसं अक्षर सोडून बाकी सगळं वाचतात."

"हो हो, बाई," म्हणत सुनेनं मान डोलावली आणि विसरूनही गेली. पदवीधर बाईला कार्डं पिसायला काय शिकवायचं! खोक्यांचे पुठ्ठे कापून तिनं स्वतः आकडे रंगवले होते. ओट्याशी उभं राहून सासूबाई एकेक उचलून धडाधड वाचायच्या. पाहुण्यांपुढे तर कौतुकाचा कार्यक्रमच व्हायचा. त्याच भरवशावर तान्ह्या लेकीला, चिमणीला, त्यांच्याकडे सोपवून ती पुन्हा नोकरीवर जाऊ लागली.

त्या दुपारी ऑफिसात सासूबाईंचा फोन आला.

"अगं, पोरीचं अंग तापलंय. औषध पाजते. अडीच मिली ना?"

"अडीचच. नवी बाटली कपाटात आहे. माप वाचता येईल ना, आई?"

"वाचते की! एवढं शाळेत घातलंस ते काय उगीच?" फोन बंद.

रुमाल काढायला तिनं पर्समध्ये हात घातला, तर हाताला औषधाच्या जुन्या बाटलीचं मापाचं टोपण लागलं. दुकानात दाखवायला नेलं होतं, ते तसंच राहिलं होतं. त्यावर पहिली रेघ अडीचची. आणि नव्या मापावर? घाबरट स्वभावामुळे ती प्रत्येक औषधाचा फोटो काढून ठेवायची. फोटो मोठा केला. पाच, दहा, पंधरा. अडीच नव्हतंच.

वाचणारं माणूस तिथे थांबेल. पण रेघ मोजणारं? जुन्या मापात औषध ओतताना सासूबाई पहिल्या रेघेवर बोट ठेवायच्या, ते तिला आठवलं.

तिनं लगेच घरी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. साहेबांना "घरी जाते" एवढंच सांगून ती जिना उतरली. वाटेभर फोन नुसता वाजत राहिला.

दार उघडंच होतं. सासूबाई मांडीवर चिमणीला थोपटत होत्या. फोन स्वयंपाकघरात पडला होता.

"अशी धावत का आलीस? झोपली बघ, गुणाची."

"आई, औषध किती दिलंत?"

"पहिल्या रेघेपर्यंत. तू सांगितलंस तेवढंच."

चिमणीचा श्वास नीट चालू होता, पण हात लावला तरी ती हलेना. सुनेनं डॉक्टरांना फोन लावला.

"दुप्पट गेलंय, पण एकदाच ना?" ते म्हणाले. "घाबरू नका. मी सांगेपर्यंत पुढचा डोस नको. उलटी झाली, उठवून उठत नाही असं वाटलं, तर तडक घेऊन या."

तिनं चिमणीला हलवलं. गालावर पाणी लावलं. तळपायाला गुदगुल्या केल्या. सासूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या.

शेवटी एक पाय झटकला गेला. मग भोकाड. रागानं लालबुंद झालेली चिमणी दूध मागत रडली, आणि त्या रडण्यानं दोघींच्या जिवात जीव आला.

पोर दूध पिऊन खेळू लागल्यावर सुनेनं कार्डं काढली. बाईंचं बोलणं आठवून पिसली. एक पुढे धरलं.

सासूबाईंनी ते उलटंसुलटं केलं. "ह्याच्यावर चहाचा डाग... म्हणजे पाच." पुढच्या कार्डावर डाग नव्हता. त्यांनी ते सुनेच्या हातात परत दिलं.

"आई, मला सांगितलं का नाहीत?"

"तू सगळ्यांना किती आनंदानं सांगत होतीस गं. म्हटलं, येईल हळूहळू. तोवर तुझा मान कशाला घालवू?"

सुनेनं डागाचं कार्ड फाडलं आणि कोरा पुठ्ठा घेतला. "आता दोघी मिळून करू. आणि औषध, मी येईपर्यंत तुम्ही नाही द्यायचं. ताप आला की नुसता फोन."

"आणि फोन कुणाला लावायचा, ते तरी वाचता येतं मला," सासूबाई म्हणाल्या. मग स्वतःच थबकल्या. "म्हणजे, तुझा फोटो येतो ना त्यावर."

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात कुणी नव्यानं वाचायला लागलं असेल, आणि त्याच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त असाल, तर आज एवढं करा. त्यांच्याजवळ बसा, कार्डं पिसा, आणि हसत हसत एक पुढे धरा. उत्तर आलं नाही तर रागावू नका. फक्त औषधाच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे ठेवा.