अकरावं शेवटचं वर्ष

सौदीतल्या जीझानहून फरसान बेटावर जाणारी बोट फुकट आहे. माणसांना फुकट, गाड्यांनाही फुकट. तरी रसायनशास्त्राचा मास्तर शौकी याला तिथे पोचायला अकरा वर्षं लागली. दरवर्षी तो बायकोला सांगायचा, "हे शेवटचं वर्ष. जायच्या आधी एकदा फरसान बघून घेऊ." शेवटचं वर्ष पुढे जायचं, त्याच्याबरोबर बेटही. इजिप्तमध्ये, दमनहूरला, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. त्यात सोनेरी पायांचे सोफे होते आणि सोफ्यांवरचं दुकानाचं प्लॅस्टिक आठ वर्षांत निघालं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुटीत चाळीस दिवस कुटुंब त्या प्लॅस्टिकवर घामेजून बसे आणि सौदीला परत येई.

यंदा इन्साफने, म्हणजे बायकोने, नवऱ्याला न विचारता गाडीची जागा बोटीवर नोंदवून टाकली. मुलगी रगदा पंधराची झाली होती. पुढची तीन वर्षं मायदेशी शिकल्याशिवाय कॉलेज मिळणार नव्हतं. तेव्हा या खेपेला शेवटचं वर्ष खरोखरच शेवटचं, तिघांनी मिळून परत जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे इन्साफने ठरवलं होतं आणि शौकीने मान हलवली होती. तीच मान त्याने गेल्या गुरुवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत पुन्हा हलवली आणि आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली.

ही बातमी बेटावर सांगायची, असा त्याचा बेत होता. समुद्र बघितला की माणूस मवाळ होतो, अशी त्याची समजूत होती. रसायनशास्त्रात तिला काही आधार नव्हता.

मागच्या सीटवर रगदाशेजारी भूगोलाचे बयूमी मास्तर होते. त्यांची बायको-मुलं नऊ वर्षं तिकडे मन्सूराला आणि ते इथे तिघा मास्तरांबरोबर एका खोलीत. जीझानच्या इजिप्शियनांत एक रीत आहे: कायमचं परत जाणाऱ्याचं सामान मागे राहणाऱ्यांनी आधीच बोलून ठेवायचं. इन्साफचं वॉशिंग मशीन बयूमींनी रमजानच्या आधीच बोलून ठेवलं होतं. त्या नात्याने ते सहलीत घरचे होते.

"हे बेट म्हणजे मूळचं प्रवाळ बरं का," बयूमी म्हणाले. "एकेकाळी सगळं पाण्याखाली होतं."

"तेव्हा इथे तुमचे वर्ग किती होते, उस्ताद?" रगदाने विचारलं.

"गप बस गं," इन्साफ म्हणाली, पण हसली. सकाळपासून ती हसतच होती. शौकीला त्याचंच ओझं झालं होतं.

कस्सार गावच्या खजुरांच्या बनात तिने विहिरीवर वाकून पाहिलं, दगडी घरांच्या दारांतून आत-बाहेर केलं. शौकी मागे गेला. "इन्साफ, ऐक ना."

"काय?"

"चप्पल सांभाळ. काटे आहेत."

पुढे माळावर तीन हरणं दिसली. रगदा ओरडली, हरणं पळाली. शौकीने पुन्हा घसा साफ केला आणि गाडीत पाणी कमी आहे का, असं विचारलं. वाटेत पेट्रोलपंपही दोनदा लागला; तोच पंप. बेट लहान असण्याचा हा तोटा. सांगायच्या जागा भराभर संपत होत्या.

दुपारी पूल ओलांडून ते पलीकडच्या बेटावर गेले. तिथे डांबर संपलं, रस्ता वाळूत शिरला, पुढे खारफुटी आणि पाणी. गाडीच्या सावलीत चटई पसरली. उकडलेली अंडी, वांग्याचं लोणचं, पावात भरलेली ताअमियाची भजी निघाली. इन्साफ अंडं सोलता सोलता म्हणाली, "गेल्या गेल्या आधी त्या सोफ्यांचं प्लॅस्टिक फाडणार आहे मी. कात्रीने नाही, हाताने."

बयूमींचा घास थांबला. त्यांनी शौकीकडे पाहिलं, मग इन्साफकडे.

"रगदाच्या आई, सोफे तुमचे, काय ते करा. पण मला एक साफ सांगा. मशीनचं मग काय? मी खोलीवरच्यांना शब्द देऊन बसलोय. तुम्ही राहणार असाल तर मी दुसरं बघतो."

"आम्ही कशाला राहू?"

"नाही, ते करार वाढवलेल्यांची यादी लागली ना मास्तरांच्या खोलीत. उस्ताद शौकींचं नाव तिसरं आहे. मला वाटलं, घरात..." बयूमी थांबले. नऊ वर्षं त्यांचं घर फोनमध्ये होतं. घरात काय बोललं जातं, याचा अंदाज त्यांना राहिला नव्हता. "अंडी छान उकडलीत," ते म्हणाले.

इन्साफने हातातलं अंडं पूर्ण सोललं आणि रगदाला दिलं.

"खरं आहे?"

"ते काय झालं," शौकी म्हणाला, "मुख्याध्यापकांनी कागद पुढे केला आणि..."

"आणि पेन तुझ्या हातात आपोआप उगवलं."

"दोनच वर्षं. शेवटची."

"कशासाठी? फ्लॅट आहे. सोफे आहेत. आता काय आणायचं राहिलंय तिकडे?"

शौकीकडे उत्तर होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. चाळीस दिवस दमनहूरमध्ये तो पाहुणा असे. भाऊ उठून जागा देत, शेजारी चहाला बोलावत. एक्केचाळिसावा दिवस त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवसाची त्याला भीती वाटत होती. तो म्हणाला, "जग बघतेस ना कसं चाललंय."

"माझा बाप इराकात, बसऱ्याला होता," इन्साफ म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "महिन्याला एक कॅसेट यायची. एका बाजूला आईशी बोलायचा, दुसऱ्या बाजूला आम्हा पोरांशी. आईची बाजू संपली की ती कॅसेट उलटून द्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. तो कायमचा घरी आला तेव्हा आम्ही ओळखलं ते खोकल्यावरून. तुला लग्नाआधी सांगितलं होतं, शौकी. दोनदा."

"आता फोनवर चेहरा दिसतो."

"हो. खोकताना दिसशील."

रगदा अंडं हातात धरून बसली होती. तिने विचारलं, "बाबा, मग आपण जाणार की नाही?"

"तू आणि मी जाणार," इन्साफ म्हणाली. "उस्ताद बयूमी, मशीन तुमचंच. त्याच्याबरोबर हा माणूसही घेऊन जा. तुमच्या खोलीत पलंग मावेल ना एक?"

"खिडकीखाली मावेल," बयूमी बोलून गेले आणि मग चपापले.

"फोन काढ," ती नवऱ्याला म्हणाली.

कागदोपत्री बायको आणि मुलगी त्याच्या जबाबदारीवर होत्या. त्यांनी देश सोडायचा तो त्याने फोनवरच्या सरकारी ॲपमध्ये बोट टेकवून परवानगी दिल्यावरच. दोन पर्याय असत: जाऊन परत येणं, आणि कायमचं जाणं. दर उन्हाळ्यात तो पहिला निवडत आला होता.

"इथे नको. घरी गेल्यावर शांतपणे..."

"घरी गेल्यावर तू पुन्हा मान हलवशील."

शौकीने बोट टेकवलं. इन्साफचं नाव. कायमचं जाणं. रगदाचं नाव. कायमचं जाणं. फोनने विचारलं, खात्री आहे का? त्याने बायकोकडे पाहिलं. आता ती रडेल, आपण करार मोडतो म्हणू, असं त्याला क्षणभर वाटलं. ती डबे आवरत होती. त्याने होकार दिला. इतक्या झटपट काम झालेलं त्याने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं, ते मात्र त्याला अजिबात आवडलं नाही.

परत येताना बयूमी भूगोलावर बोलले नाहीत.

धक्क्यावर गाड्यांची रांग वेगळी आणि बायका-मुलांचं दालन वेगळं. इन्साफ उतरली, थर्मास आणि चटई घेतली. रगदाने काचेतून बापाला हात केला. आईने तिला दंडाला धरून नेलं. दार त्यांच्यामागे बंद झालं.

रांग हलेना. ऊन सरळ काचेवर येत होतं. बयूमी मागून उतरले, पुढे इन्साफच्या जागेवर येऊन बसले आणि पाय मावेनात म्हणून सीट मागे सरकवली.

"आम्ही रात्री नऊला जेवतो," ते म्हणाले. "शुक्रवारी भांडी तुझी."

"बरं," शौकी म्हणाला आणि मान हलवली.