मामा आलाय

मेणाची वडी अंगठ्याएवढी, पिवळट, आणि तिच्या एका कडेला दोन बारीक चऱ्या — शेजारी शेजारी, सरळ, पटाशीने ओढाव्यात तशा... तिने वडी उन्हाकडे धरली, मग पाठ फिरवून सावलीत धरली, मग डोळे मिटून नखाने चाचपली. खेकडा असेल. पण खेकडा चिमटा घेतो, त्याची खूण वाकडीतिकडी, चुरा पाडणारी. पाल असेल... पालीला असे दात कुठले? नव्या येणाऱ्या प्रत्येकाला हे तीच शिकवायची, आणि आता स्वतःलाच पटवत होती की एखाद्या खेकड्यालाही कधी सरळ चावायची हुक्की येत असेल. पुरे झालं, ती स्वतःला म्हणाली. दात आहेत. पुढचे दोन.

आज शेवटची फेरी होती. दोन वर्षं बेटभर खुंट्यांना ठोकलेल्या या वड्या तपासायच्या — शेंगदाण्याचा वास लावलेल्या, कुरतडायचा मोह पडेल अशा — आणि एकीवरही दात उमटला नाही तर बेट मोकळं झालं असं जाहीर करायचं. उद्या पाहणीला माणसं येणार होती. मोहिमेच्या प्रमुख म्हणजे मॅडम, कधी कशाने न हलणाऱ्या, त्यांनीसुद्धा काल आपला एकुलता एक बरा शर्ट धुऊन दोरीवर टाकला होता. आणि आपण हे हातात घेऊन उभ्या.

उंदीर हा शब्द बेटावर कोणी उच्चारत नसे. जो उच्चारेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची, असं पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं, आणि घासण्यापेक्षा शब्द गिळणं सगळ्यांना सोपं गेलं. म्हणून मामा. 'मामाने गोळी खाल्ली', 'या बिळात मामाचं सगळं खटलं आहे'... आणि लाँचने सामान आणणारा माणूस तिचा सख्खा मामा, तिच्यामुळे मग सगळ्यांचाच मामा. "कुठला मामा, शेपटीचा की लाँचचा?" यावर तेव्हा रोज हशा पिकायचा. मग विषाच्या गोळ्यांचं काम संपलं, शेपटीचा दिसेनासा झाला, आणि शब्द हळूहळू एकट्या लाँचवाल्याकडे परत गेला.

खुंटीपासून चार पावलांवर, जमिनीतच घरटं करणाऱ्या समुद्रपक्ष्याचं बीळ होतं. तिने पालथं पडून हात खांद्यापर्यंत आत घातला. आत काहीतरी ऊबदार, लोकरीसारखं हललं आणि तिच्या बोटाला कडकडून चावलं. जिवंत आहे. तिला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. पहिल्या वर्षी असाच हात घातला की फक्त फुटकी टरफलं लागायची, नाहीतर मानेपासून खाल्लेलं पिल्लू... आणि आईबाप शेजारी बसलेले असायचे, हे तिला सगळ्यात असह्य व्हायचं. त्यांना पळणं ठाऊकच नव्हतं. कुठल्याशा फुटलेल्या जहाजातून उंदीर उतरले तोवर जमिनीवरून चालत येणारा शत्रू त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. पक्षी गेले, त्यांच्या विष्ठेचं खत गेलं, माती कोरडी पडली. झाडांचं बी पडायचं आणि रातोरात कुरतडलं जायचं, म्हणून सगळी झाडं म्हातारी, त्यांच्याखाली एकही पोर नाही. यंदा मात्र त्याच झाडांखाली बोटभर रोपं उभी होती. डोंगर पोखरून उंदीर काढलात म्हणे, असं गावात लोक हसत. हो, काढला. खरोखरच डोंगर पोखरला, आणि शेवटचा काढला.

मग हा कुठून आला? जुन्यातला उरलेला असता तर दोन वर्षं एकाही वडीला दात न लावता राहिला असता का? नव्हे, हा नवा आहे. बाहेरून आलाय... आणि बाहेरून इथे येतं ते फक्त मामाच्या लाँचमधून.

तिला पोतं आठवलं.

मागच्या खेपेला ती तापाने फणफणली होती, एवढंच तिला नीट आठवत होतं. धक्क्यावर बसवलं होतं तिला, आणि पाठीला कशाचा तरी आधार होता — खरबरीत, टोचणारं, ओल्या तागाचा वास येणारं. ताग. बेटावर ताग येतोच कसा? नियम असा की किनाऱ्यावरच्या बंद खोलीत प्रत्येक पोतं उघडायचं, झटकायचं, आणि माल झाकणाच्या पिंपांत भरून मगच लाँचवर चढवायचा. पण मामाने त्या दिवशी खोलीकडे पाहिलंच नसणार. पोरगी तापलीय म्हटल्यावर औषध खिशात कोंबलं असेल, बटाट्याचं पोतं तसंच उचलून टाकलं असेल, आणि खवळलेल्या समुद्रात लाँच घातली असेल. सगळ्यांनी त्याचे हात हातात घेतले. पोत्याबद्दल कोणी विचारलं नाही. बटाटे उकडून खाल्ले.

आई गेल्यावर ज्याने मला सांभाळलं, पोहायला शिकवलं, तो हा मामा. नियम मोडणाऱ्याची लाँच बेटाला पुन्हा लागत नाही, आणि या बेटाशिवाय त्याच्या लाँचला आता काम नाही. माझ्यासाठी आला होता तो. माझ्यासाठीच... आपलेच दात, आपलेच ओठ. ही म्हण इतकी शब्दशः आपल्या वाट्याला येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"मॅडम... मामा आलाय."

पलीकडे खरखर, आणि मग मॅडमचा मोकळा, खुशीतला आवाज. "आला? अरे वा, आज लवकर! त्याला म्हणावं, जेवल्याशिवाय जायचं नाही. आणि बॅटऱ्या आणल्यात का विचार."

मागे कोणीतरी हसलं. भांडी वाजली.

किती सोपं झालं होतं सगळं! तिने सांगितलं होतं, खोटं एक अक्षरही बोलली नव्हती. ऐकणाऱ्याने चुकीचं ऐकलं त्याला ती काय करणार? वडी खिशात टाकायची, खुंटीला नवी ठोकायची. उद्या पाहणी होईल, टाळ्या वाजतील. एकच तर आहे... एकच? पोटुशी असली तर एकीत सगळं खटलं असतं. पुढच्या वर्षी बिळात हात घातला की पुन्हा टरफलं. आणि आपण नव्या लोकांना शिकवत राहायचं, खेकड्याची खूण कशी, पालीची कशी... बोट अजून ठणकत होतं. नाही. मामाला मी लाँच देईन, घर देईन, माझं उरलेलं आयुष्य देईन, पण हे पिल्लू देणार नाही. ते माझं नाहीच द्यायला.

"उंदीर, मॅडम," ती म्हणाली. शब्द तोंडात परका लागला. "लाँचचा नाही. उंदीर. दक्षिणेच्या उतारावर, वडीवर दात आहेत. ताजे."

भांडी थांबली.

"खात्री आहे?"

"आहे."

"जुना की..."

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. अजूनही.

"पोत्यातून आलाय. मागच्या खेपेला, माझ्या औषधाबरोबर. खोलीत न उघडलेलं पोतं."

मॅडम हलकेच म्हणाल्या, "तू वर ये. मी बोलते त्याच्याशी."

"नको. मी सांगते."

ती उतार उतरू लागली तेव्हा लाँचचं इंजिन ऐकू येत होतं. मामा लाँचच्या काठाशी उभा, हात हलवत, नेहमीसारखा ओरडत होता, "काय गं पोरी, वाळलीस किती! मासे आणलेत बघ!" त्याला काय सांगायचं, पहिलं वाक्य कुठलं, याचा ती विचार करत होती असं तिला वाटलं, पण तिच्या लक्षात आलं की ती मघापासून धक्का पाहत होती — दगडांच्या फटी, पाण्याची रेघ, इथून तो उंदीर कुठल्या बाजूने वर गेला असेल, पहिला सापळा कुठे, दुसरा कुठे. मामाच्या हाकेनेही ते थांबलं नाही. आपण अशा आहोत याची तिला भीती वाटली. पाय मात्र चालतच राहिले.