उसनी दिलेली आई

कचेरीत त्याला सगळे ‘स्वल्पविराम’ म्हणायचे. साहेबांची भाषणं तोच लिहायचा आणि त्या कागदांवर लाल पेनाने इतक्या खुणा करायचा, की कागदाला गोवर आल्यासारखं वाटायचं. एक खूण म्हणजे श्वास. दोन म्हणजे पाण्याचा घोट. तीन म्हणजे टाळ्या येईपर्यंत गप्प उभं राहायचं. आणि टाळ्या आल्याच नाहीत तर? तर चष्मा काढून पुसायचा. साहेबांची नजर घारीसारखी होती, त्यांना चष्म्याची काही गरज नव्हती. पुसण्यापुरता म्हणून स्वल्पविरामनेच तो बिननंबरचा करून आणला होता.

बावीस वर्षं त्याने हाच उद्योग केला. ‘माझं शास्त्र काही फार खोल नाही, गुडघाभर पाणी आहे,’ असं तो स्वतःच सांगायचा. कुठलीही गोष्ट तीनदा म्हणायची. दोनदा म्हटली तर चुकून म्हटल्यासारखी वाटते आणि चारदा म्हटली तर लोक घड्याळ बघतात. आकडा सांगायचा नाही, माणूस सांगायचा. आणि प्रश्न विचारायचा तो असा, की उत्तर द्यायला कुणाला सवडच मिळू नये. ‘हे आपण सहन करणार आहोत का?’ असं गरजायचं आणि लगेच पुढचं वाक्य. थांबलात आणि मागच्या रांगेतून कुणी ‘हो!’ म्हणालं, म्हणजे झालं कल्याण.

अकरा वर्षांपूर्वी साहेबांची खुर्ची डळमळली होती. सभेच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, “यावेळी डोळ्यांत पाणी पाहिजे. समोरच्यांच्या. माझ्या आलं तरी चालेल.” स्वल्पविरामने दिवसभर डोकं खाजवलं. साहेबांचं बालपण चाळून पाहिलं, तर त्यात दोन मोटारी आणि एक पियानो. साहेबांच्या आईने सुई कधी हातात धरलीच असेल, तर ती पायातला काटा काढायला. शेवटी वेळ संपत आली, तेव्हा त्याने हाताशी होती ती आई देऊन टाकली. स्वतःची.

त्याची आई शर्टांच्या कारखान्यासाठी घरी काजं करायची. संध्याकाळ झाली की शिलाई मशीन जिन्यातल्या दिव्याखाली आणायची आणि हा दप्तर घेऊन तिसऱ्या पायरीवर बसायचा. एवढीच गोष्ट. पण ती स्वल्पविरामच्या तावडीत सापडली! ‘घरात दिवा नव्हता,’ साहेब सभेत म्हणाले. तीन लाल खुणा. ‘पण आईच्या डोळ्यांत होता. मी तिसऱ्या पायरीवर बसून शिकलो, आणि तिथूनच उभा राहिलो.’ मैदान हुंदके द्यायला लागलं. साहेबांची खुर्ची अशी घट्ट बसली, की पुढे खुर्ची कुठली नि साहेब कुठले ते ओळखू येईना. भाषण इतकं गाजलं, की शाळाशाळांतून मुलं ते पाठ करून बक्षिसं मिळवायला लागली.

खरं तर घरात दिवा होता. चांगला होता. पण दिवा असलेल्या घरासाठी कोण रडतं?

आईला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिने भाषण टीव्हीवर पाहिलं, तेव्हा तो शेजारीच बसला होता, जीव मुठीत धरून. ती एवढंच म्हणाली, “बरं बोलतो हो तुझा साहेब.” आणि उठून पाणी प्यायला गेली. हिला काही कळलं नाही असं समजून त्याने सुटकेचा श्वास टाकला. एका लाल खुणेएवढा.

आता आईला ऐंशी पूर्ण होणार होती. ती ताईकडे राहायची. ताईने फोन केला तो तोफ डागल्यासारखा. “अख्ख्या देशाला रडवलंस, आता आईसाठी दोन शब्द बोल. तिचा डावा कान गेलाच आहे. उजवाही वर्षभरात जाईल म्हणालेत डॉक्टर. मग काय पाटीवर लिहून दाखवणार आहेस?”

फोन ठेवून त्याने कोरा कागद पुढे ओढला. आईला काय सांगायचं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तुझ्यामुळे मी माणसात आलो, एवढंच. पण लिहायला बसला की पहिल्या ओळीत आई असायची आणि चौथ्या ओळीत देश यायचा. एका कागदावर तर ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ असं लिहून झालं, आणि भगिनी तर एकच होती. एकोणीस कागद फाडल्यावर त्याने ठरवलं, जिन्याचीच गोष्ट सांगायची. आपलीच तर आहे! उसनी दिली होती, ती परत आणायची.

वाढदिवसाला इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत पन्नासेक माणसं जमली. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर फुगे, आणि ताईच्या नवऱ्याने कुठून तरी आणलेला माइक. आई पहिल्या खुर्चीत, उजव्या कानात यंत्र लावून. स्वल्पविराम उभा राहिला. बावीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडात शब्द घातले, पण स्वतःचं तोंड माइकसमोर उघडायची ही पहिलीच वेळ. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

“माझी आई संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याखाली काजं करायची,” तो म्हणाला. इथवर ठीक होतं. पण पुढे जिभेने जुनी वाट धरली. “घरात दिवा नव्हता...”

“पण आईच्या डोळ्यांत होता!” ताईची मुलगी खुर्चीवरून उडालीच. “मामा, हे तर साहेबांचं भाषण आहे! मला सगळं पाठ आहे. दुसरा नंबर आला होता माझा.”

खोलीत हशा पिकला. शेजारचे निवृत्त मास्तर मायेने म्हणाले, “अहो, आज तरी स्वतःचं काहीतरी बोला.” ताईचा नवरा त्याची बाजू सावरायला गेला, “कचेरीची सवय हो, दुसरं काय.” हे माझंच आहे असं ओरडून सांगावं, असं स्वल्पविरामला वाटलं. पण कोण विश्वास ठेवणार? स्वतःच्या आईचा तो उघडउघड चोर ठरला होता, आणि चोरी कुणाच्या घरची, तर साहेबांच्या! लाजेने कान तापले. काही सुचेना, तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला. टाळ्या आल्या नाहीत.

“हसता काय?” आई म्हणाली. “ते त्याचंच आहे.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“मला तेव्हाच कळलं होतं. तिसऱ्या पायरीवर साहेब कधी येऊन बसला होता? हा बसायचा. आणि अभ्यास कसला, झोपायचा मेला! घरात दिवा नव्हता म्हणे. चांगला साठ वॅटचा होता. जिन्यात शंभरचा होता, आणि येता-जाता बायका बोलायला थांबायच्या, म्हणून मी खाली बसायचे.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस गं?” ताईने विचारलं.

“म्हटलं, हा येऊन सांगेल. सगळ्या जगाला सांगून झालं की कधीतरी माझा नंबर लागेल. अकरा वर्षं झाली.”

स्वल्पविरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातल्या कागदावर अजून चोवीस लाल खुणा शिल्लक होत्या. तो त्याने खिशात कोंबला, माइक खुर्चीवर ठेवला आणि आईच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसला. गुडघे कटकन वाजले.

“आई, तू दमायचीस का गं?”

पुढचं वाक्य सवयीने ओठांवर आलंच होतं, चांगलं गोळीबंद वाक्य होतं. त्याने ते गिळलं आणि थांबला. आईने कानातलं यंत्र नीट बसवलं.

“काय म्हणालास?”

“दमायचीस का? तेव्हा?”

“दमायचे की. रोज दमायचे.” ती म्हणाली. “मशीन वर न्यायला शेजारी यायचे. पण तुला मलाच उचलून न्यायला लागायचं. चांगला नऊ-दहा वर्षांचा घोडा होतास, कंबर धरायची माझी.”

“मग मला उठवायची नाहीस का?”

“झोप लागलेली असायची ना रे तुला,” आई म्हणाली.