मीठ फुललं त्याची गोष्ट

"हे तोडे पायात मिरवू नकोस, रळियात. माझ्यामागे मोड, आणि रणाच्या वाटेवर पाणपोई घाल. मिठागरावर जाणाऱ्यांना पहिला घोट तिथं मिळू दे."

आईनं जाताना हे सांगितलं, तेव्हा रळियातनं तिच्या हातावर हात ठेवून 'हो' म्हटलं होतं. त्यानंतर दोन उन्हाळे कोरडेच गेले. चांदीचे तोडे पेटीत पडून राहिले, आणि मग कच्छच्या रणाकाठच्या त्या गावात धनानंद बापू आले.

बापू श्रीमंतीच्या सवयी शिकवत. उंबरठा उजव्या पायानं ओलांडायचा, दिवस मावळल्यावर केर काढायचा नाही, पैसे देताना हसायचं नाही आणि घेताना शिंकायचं नाही. चौकात मांडव भरून वाहू लागला. उजवं पाऊल साधता साधता दूधवाला उंबऱ्यावर दोनदा आडवा झाला, तर लोक म्हणाले, "पहिल्या पायरीला एवढं चालायचंच!"

पण खरा चमत्कार होता लक्ष्मीच्या बरणीचा. काचेची बरणी, गळ्यात लाल दोरा, आत मंत्रवलेलं मीठपाणी. चार दिवसांत मीठ काठावर चढायचं आणि बाहेरून पांढऱ्या फुलांसारखं खाली उतरायचं.

"पाहा, लक्ष्मी चालत येतेय!" बापू गर्जत. "जिथं मन निर्मळ, तिथंच ती चढते."

पिढ्यानपिढ्या मीठ पिकवणाऱ्या गावानं मीठपाणी विकत घेतलं, आणि वर हातही जोडले.

रळियातच्या जाऊबाईंची, संतोकची, बरणी अशी फुलली की बघायला रांग लागली. त्याच आठवड्यात तिच्याकडे फ्रीज आला. तिच्या मुलाला कारखान्यात नोकरी लागल्याचं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण मान मिळाला बरणीला.

"तुझी नाही का गं फुलली?" संतोकनं गोड आवाजात विचारलं. "मनात काही असेल बाई. बापूंना विचार."

रळियातनं घरी जाऊन पुन्हा बरणी पाहिली. तिची बरणी देवघरात होती. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून तिनं वर बशी झाकली होती, बशीवर धुतलेलं फडकं. दोन्ही वेळा दिवा लावत होती, तरी मिठाचा कण हलत नव्हता.

बापूंनी डोळे मिटून निदान केलं. "घरात अडलेली चांदी आहे. पौर्णिमेला माझ्या चरणी सोड, बरणी फुलेल."

रळियातला तोडे आठवले. आईचा हातही आठवला. पण त्याहून जास्त आठवला संतोकचा फ्रीज. "देईन, बापू," ती म्हणाली.

पौर्णिमेला अजून वेळ होता आणि मत्सराला दम नव्हता. गल्लीत पाण्याचा टँकर आला, संतोक हंडा घेऊन धावली, तशी रळियात तिच्या स्वयंपाकघरात शिरली. चुलीवरच्या फळीवरची फुललेली बरणी पदराखाली घेतली आणि आपली करंटी बरणी तिथं ठेवली.

थोड्या वेळानं शेजारून हंबरडा आला. "अगं बाई, लक्ष्मी रुसली गं!"

रळियातला साखर खाल्ल्यासारखं झालं. चोरलेली लक्ष्मी तिनं देवघरात ठेवली, बशी झाकली, फडकं घातलं आणि वाट बघत बसली. पण लक्ष्मी तसूभर पुढं सरकेना. उलट चार दिवसांनी संतोक पेढे घेऊन दारात हजर. "परत फुलली!"

म्हणजे आपली करंटी बरणी तिकडे जाऊन पुण्यवान झाली! रळियात चिडली. पेढा तिनं मागे ठेवला नाही, पण चावता चावता विचारात पडली. बरणी बदलली, फुलणारं घर तेच राहिलं. त्या घरात असं काय आहे? माणसाचं म्हणावं, तर संतोकचं मन तिला चांगलं ठाऊक होतं. मग उरली चूल. आणि उरली बशी.

तिनं चहाचा पेला घेतला. घरचं मीठ, टँकरचं पाणी, मंत्र नाही. पेला उघडाच आपल्या चुलीवरच्या फळीवर ठेवला. तो फुलला.

पौर्णिमेला मांडवात तिनं बापूंपुढं तोड्यांऐवजी पेला ठेवला.

"हे बिनमंत्राचं आहे, बापू. तरी फुललं."

"श्रद्धेनं फुललं, बेटी!"

"कुठली श्रद्धा? पेला ठेवताना मी जाऊबाईंना शिव्या देत होते."

मांडव हसला. रळियातनं देवघरातली बशी पुढं केली. "उबेनं पाणी उडतं, काठावर मीठ बसतं. निरांजनातली वात तेल ओढते, तसं ते मीठ खालचं पाणी वर ओढतं. झाकलं की थांबतं. तुमच्या बरणीवर ही बशी ठेवते. आता चढवा लक्ष्मीला, आम्ही चार दिवस इथंच बसतो."

बापूंना तेवढ्यात गुरूंचं बोलावणं आलं. मांडवाला उंबरठा नसल्यानं ते कुठल्या पायानं गेले, हे कुणाला दिसलं नाही.

"पण माझी बरणी मधेच रुसली कशी?" संतोकनं विचारलं.

"मी बदलली होती, भाभी."

"तरीच! चोरटी कुठली!" असं म्हणून संतोकनं तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग दोघींना हसू आवरेना.

देवापुढं रोज दिवा लावावा, व्रत पाळावं, त्यानं मनाला वळण लागतं. पण देवाच्या नावानं कुणी चमत्कार विकू लागला, तर आधी त्यावर बशी झाकून पाहावी. देव बशीला घाबरत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे रळियातनं पूजा आटोपली, तोडे पदरात बांधले आणि सोनाराची वाट धरली. उंबरठा ओलांडताना डावा पाय पुढं पडला. तिच्या ध्यानातही आलं नाही. पाणपोईला किती माठ लागतील, याचाच ती विचार करत होती.