विसावी पोरगी

अमरावतीच्या बैठकीत मीच तोंड चालवलं होतं. शाळांना पैसा कसा वाटावा, यावर शिक्षणखात्याच्या साहेबांनी शिक्षकांची मतं मागवली होती. मी ताडकन उठले. "शहरातल्या शाळा पटावर खोटी नावं चढवून पैसा ओढतात. वर्गात जितकी पोरं दिसतील तितकाच द्या!" टाळ्या पडल्या. मी पदर खोचून खाली बसले. शहाणी कुठली!

करायला गेले गणपती, झाला मारुती. दोन वर्षांनी नियम आला : वीसपेक्षा कमी पोरं भरली तर शाळा बंद. बार्शीटाकळीजवळच्या माझ्या शाळेत एकतीस होती. पण त्या साली कपाशी गेली, वेचणीची मजुरी गेली आणि दिवाळीनंतर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं वीटभट्ट्यांवर निघाली. पोरांना मागे कुणापाशी ठेवणार? पडताळणीच्या दिवशी उरली एकोणीस.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हलीमाबीनं हे हेरलं. तिची जेबा तिसरीत, वर्गात पहिली. दुसरी शाळा नाल्यापलीकडे चार किलोमीटर. तिथं पोरीला पाठवणार नाही, हे तिचा बाप गयासुद्दीन आधीच सांगून मोकळा झाला होता. हलीमाबीनं धाकट्या लुबनाला जेबाचा जुना गणवेश चढवला आणि रांगेत बसवलं. पाच वर्षांची पोर, फ्रॉक घोट्यापर्यंत.

पडताळणीचे साहेब मोजत आले. "अठरा, एकोणीस, वीस."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "ही पटावर नाही," मी म्हणाले. "लुबना, ऊठ."

लुबनाला वाटलं, कविता म्हणायची आहे. ती हात जोडून उभी राहिली.

जूनमध्ये बंद झालेल्या शाळेचं सामान हलवायला गेले, तेव्हा हलीमाबी दारात आली.

"बाई, तुमी खरं बोल्ल्या. पन मी तरी काय खोटं बसवलं होतं? पोरगी जित्तीजागती होती ना समोर?"

मी खडूंची खोकी पोत्यात भरत राहिले. आजही त्याची लाज वाटते.

तेवढ्यात शेतात सरकीचं बी मातीत टोबून जेबा आली. मातीचे हात तिनं फ्रॉकला पुसले.

"बाई, मी पास झाली ना?"

"पहिली आलीस."

"मंग मले चौथीची पुस्तकं द्या ना."

पुस्तकं पटाप्रमाणे येतात. आमच्या पटावर आता कुणीच नव्हतं.