कान की हजेरी

माझा उजवा कान पूर्ण गेलाय आणि डावा त्याच वाटेवर आहे. कीव करून घ्यायला सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते. आमची लॉण्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. इथे हॉस्पिटलांचे कपडे येतात, गाड्या भरभरून. धुण्याची मशीनं एवढी मोठी की आत माणूस उभा राहील, आणि ती फिरायला लागली की त्या खोलीत सगळेच बहिरे. तिथे मी निम्मं आयुष्य काढलं. कान शिल्लक राहिले असते तर नवल.

आता मी शेजारच्या मळक्या कपड्यांच्या खोलीत असते. आलेली गाठोडी सोडायची, चादरी वेगळ्या, डगले वेगळे, रक्ताचे डाग पडलेलं वेगळं करायचं. काम घाण आहे, पण मी त्यात मुरलेली आहे आणि मला तिथेच राहायचंय. अडचण एकच, तिथे तोंडाला मास्क सक्तीचा. एरवी मी ओठांवरून निम्मंअधिक ओळखते. मास्क लावला की समोरचा माणूस म्हणजे नुसते दोन डोळे, आणि डोळ्यांवरून एवढंच कळतं की तो चिडलाय की नाही.

ज्याला ऐकू येत नाही तो माणूस मान फार हलवतो. कुणी काही बोललं की हलवायची मान. किती वेळा 'काय?' विचारणार? तिसऱ्यांदा विचारलं की लोकांच्या कपाळावर आठी येते, ती आठी बघण्यापेक्षा हो म्हटलेलं परवडतं. असंच एकदा दिराच्या घरी मी हसून मान हलवली आणि घरी आल्यावर कळलं की त्याच्या सासरची सगळी मंडळी आठवडाभर आमच्याकडे उतरणार आहेत, आणि मी म्हणे आनंदाने होकार दिलाय.

यातून मला सोडवलं माझ्या नणंदेने. आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि हाताला गुण आहे. तिने माझ्या जुन्या फोनमध्ये एक अ‍ॅप घातलं. समोरचा जे बोलेल ते अक्षरांत उमटतं. फोनमध्ये दुसरं काही उघडलं तरी हे मागे बसून ऐकत राहतं आणि वरच्या पट्टीत लिहीत राहतं. कुणी मोठ्याने ओरडलं की फोन थरथरतो. फोन मनगटावर बांधायला तिने पट्टाही शिवून दिला, वर 'वहिनी, आता ऐकू येत नाही ही सबब संपली' असं ऐकवलं. मी त्या अ‍ॅपला कान म्हणते.

पहिल्या दिवशी मी कान बांधून कामावर गेले आणि थक्क झाले. टेबलाच्या पलीकडे आमचा पैलवान उभा असतो. काडीपैलवान आहे, म्हणूनच पैलवान. हा माणूस इतकी वर्षं मला त्याच्या सासूच्या तक्रारी सांगत होता. मी मान हलवत होते आणि तो मला फार समजूतदार बाई समजत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा उत्तर दिलं, म्हटलं सासूचं बरोबर आहे. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मला तेही आवडलं. भांडायला आधी ऐकू यावं लागतं.

कान चुकायचाही. सुपरवायझर बाई एकदा दारातून ओरडल्या आणि माझ्या मनगटावर उमटलं, 'मांजर खाली आले आहेत, टेबल आवरा.' मी वाकून टेबलाखाली बघायला लागले तेवढ्यात मॅनेजर आत आले. तेव्हापासून सगळी लॉण्ड्री त्यांना मांजर म्हणते. त्यांना माहीत नाही. पावलं न वाजवता मागे येऊन उभं राहायची सवय त्यांना आधीपासून होती, नाव फक्त उशिरा मिळालं.

तर या मांजराने नवीन हजेरी आणली. म्हणजे वरून आली असेल, पण आमच्या गळ्यात त्यांनी बांधली. प्रत्येकाने आपापल्या फोनवर कंपनीचं अ‍ॅप घ्यायचं. सकाळी त्यात चेहरा दाखवायचा आणि दिवसभर ते चालू ठेवायचं, म्हणजे आपण आवारात आहोत हे त्याला कळत राहतं. बंद पडलं की गैरहजर. बरं, नुसती हजेरी घेऊन गप्प बसेल तर ते कंपनीचं अ‍ॅप कसलं? त्यात सुविचार होते, हलणारी चित्रं होती, कुणाचा वाढदिवस आहे तेही होतं. फोन माझा, मनगट माझं, आणि वाढदिवस गोदामाच्या साहेबांचा.

अ‍ॅप घेतल्यापासून फोन रांगायला लागला. अक्षरं उशिरा उमटायची, कधी उमटायचीच नाहीत. सल्ले द्यायला सगळे पुढे. नवऱ्याने बसून फोटो पुसले. सुपरवायझर बाई म्हणाल्या, तासातासाला सगळी अ‍ॅप्स सरकवून टाकत जा, फोन हलका होतो. मी सरकवत बसायचे, त्यात कानही जायचा, तो पुन्हा उघडायचा, मग हजेरी उघडायची, तोवर फोन तव्यासारखा तापायचा.

एका दुपारी गाठोडं सोडलं आणि चादरीत हात घातला. पैलवानाने अचानक टेबलावर हात आपटला, मी दचकून हात मागे घेतला. हातमोज्याच्या बोटात सुई रुतली होती, टोक नखाशेजारून बाहेर आलं होतं. कातडीला लागली नाही, हे माझं नशीब. पैलवान पांढराफटक पडला होता. मास्क खाली ओढून म्हणाला की तो कधीचा सुई, सुई म्हणून ओरडत होता. मी मनगट बघितलं. वरची पट्टीच नव्हती. समोर गुलाबाचं फूल आणि त्याखाली सुविचार. कान कधी बंद पडला होता मला पत्ताच नव्हता, आणि कोणाच्या अंगावरची सुई ती, कोणाच्या आजाराची, कोण जाणे. मला भीती वाटली नंतर. आधी वाटला संताप.

संध्याकाळी तडक नणंदेच्या दुकानात गेले आणि फोन तिच्यापुढे आदळला. तिने सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याने फोटो पुसले हे ऐकून कपाळावर हात मारला.

"दादाने कपाट आवरलं वहिनी, आणि तुझी अडचण आहे ओट्यावर. फोटो राहतात कपाटात. चालू असलेली अ‍ॅप्स ओट्यावर असतात, आणि तुझ्या फोनचा ओटा एवढासा. कंपनीचं अ‍ॅप येऊन पसरलं की फोन बघतो, मागे कोण बसलंय? त्याला उठवतो. तुला विचारत नाही, सांगतही नाही."

मी विचारलं, मग सरकवून टाकलं तर जागा होत नाही का? त्यावर ती म्हणाली की होते आणि लगेच भरते, वर प्रत्येक वेळी सगळं कपाटातून काढून पुन्हा मांडायचं म्हणून फोन आणखी दमतो. मांडलेलं मोडू नये. फोनचं तो बघून घेतो, फक्त त्याला कळत नाही की तुझ्यासाठी काय महत्त्वाचं आहे. ते तू सांगायचं. मग तिने कानाच्या चित्रावर बोट दाबून त्याला एक छोटं कुलूप लावलं. याला आता फोन हात लावणार नाही, म्हणाली. मी हजेरीलाही कुलूप लावायला सांगितलं, तर तिने लावून दाखवलं. फोन गोठला, मग काळा झाला, मग पहिल्यापासून सुरू झाला.

"दोघं मावत नाहीत," ती म्हणाली. "कान ठेवू की हजेरी? नवा फोन घेतलास तर दोन्ही राहतील."

नवा फोन मी का घेऊ? झाडू कंपनी देते, हातमोजे कंपनी देते, आणि पाळत ठेवायला फोन मात्र मी घ्यायचा? मी म्हटलं, कान ठेव. नणंदेने माझ्याकडे जरा बघितलं आणि कुलूप लावलं. कधी नव्हे ते आमचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीत चेहरा दाखवला, कामाला लागले, आणि थोड्याच वेळात फोनने हजेरीला ओट्यावरून उठवलं. दुपारी सुपरवायझर बाई आल्या आणि माझ्यासमोर उभं राहून मला म्हणाल्या, तू आज आलेली नाहीस. माझ्या दोन्ही हातांत चादर होती. मी चादर तशीच धरून म्हटलं, मग ही कोण धरून उभी आहे? बाई मनाने वाईट नाहीत, पण अ‍ॅपपुढे त्यांचंही काही चालत नव्हतं. मी रोज यायचे, रोज काम उपसायचे, आणि रोज थोड्याच वेळात गैरहजर व्हायचे. पैलवान म्हणाला की मेल्यावर माणूस असाच फिरत असेल. आता त्याचं मला ऐकू येत होतं, म्हणून मी हसले.

आठवडाभराने मांजराने वर बोलावलं. जिन्यातच बाईंनी मला थांबवलं. "हे बघ, ते काय म्हणतील त्याला मान हलव आणि सूट. घडीच्या खोलीत टाकतील फार तर, किंवा नवा फोन घे म्हणतील. तोंड वाजवलंस तर घरी बसवतील." घडीच्या खोलीत दिवसभर कोऱ्या चादरी दुमडायच्या, तिथे नव्या मुलींना ठेवतात. मला पायउतार झाल्यासारखं झालं असतं. आणि घरी बसणं तर मला परवडणारं नव्हतं, हे जिन्यातल्या पायरीलाही माहीत होतं.

बाईही माझ्याबरोबर आत आल्या. वरची खोली शांत, गार. मांजर टेबलामागे, त्यांच्यासमोर मोठा पडदा, त्यावर आम्हा सगळ्यांचे ठिपके. हजर तो हिरवा, गैरहजर तो लाल. तिथे मास्क नव्हता, पण त्यांची मिशी अशी की वरचा ओठ सापडत नाही. मी मनगट टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, कानाने लिहिलं, 'हे रेकॉर्डिंग बंद करा.' मी सांगितलं की रेकॉर्डिंग नाही, हा माझा कान आहे. अडचणही सांगितली, सुई सांगितली, ओट्याचंही सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले की सगळ्यांचे फोन चालतात, तुमचाच कसा चालत नाही, आत्ता माझ्यासमोर हजेरी उघडा आणि उघडी ठेवा.

मी म्हटलं, उघडते. पण मग तुमचं मला कळणार नाही.

ते म्हणाले, उघडा.

मी कुलूप काढलं. हजेरी उघडली, चेहरा दाखवला. गुलाबाचं फूल आलं. वरची पट्टी थोडा वेळ टिकली आणि गेली. त्यांच्या पडद्यावर माझा लाल ठिपका हिरवा झाला. मांजर खूश झाले, पडद्याकडे बोट दाखवून बाईंकडे बघत काहीतरी म्हणाले. मग उठून खिडकीकडे गेले आणि माझ्याकडे पाठ करून बोलायला लागले.

बराच वेळ बोलले. हात वर जात होता, खाली येत होता, एकदा बोटांवर काहीतरी मोजलं. बाईंचा चेहरा मध्येच उतरला, मध्येच बरा झाला. माझ्या नोकरीचं काहीतरी ठरत होतं आणि मी त्यांच्या शर्टाची पाठ बघत होते. शर्ट आमच्याकडचा नव्हता, इस्त्री वाईट होती.

शेवटी ते वळले आणि भुवया वर करून थांबले. ही खूण मला पाठ आहे. समोरच्याचं सांगून झालं, आता तुम्ही हो म्हणा. बाई मागून माझा दंड दाबत होत्या, हलव, हलव. आणि माझी मान खरंच खाली जायला निघाली, इतक्या वर्षांची सवय. मी हनुवटी घट्ट धरली. दिराच्या घरी हलवली, बँकेत हलवली, डॉक्टरांपुढे हलवली, स्वतःच्या मुलीपुढेसुद्धा हलवली आणि तिने काय विचारलं होतं ते मला आजही माहीत नाही. बस झालं.

"साहेब, तुमच्या पडद्यावर मी हजर आहे," मी म्हटलं. "पण तुम्ही जे बोललात तिथे मी नव्हते. तुम्ही मला काढलं असेल, ठेवलं असेल, एक शब्द मला मिळालेला नाही. जे मला मिळालं नाही त्याला मी हो म्हणणार नाही."

ते पुन्हा बोलायला लागले, हातवारे करत, बहुतेक आवाज चढवून. मी हात वर करून त्यांना थांबवलं. मॅनेजरला असं हाताने थांबवायचं नसतं, पण ते थांबले. मी मनगट त्यांच्यासमोर धरलं, त्यांच्या डोळ्यांदेखत गुलाबाचं फूल सरकवून फेकलं, कान उघडला आणि त्याला कुलूप लावलं. त्यांच्या पडद्यावरचा माझा ठिपका लाल झाला. मांजर त्या ठिपक्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा ठिपक्याकडे.

मी समोरची खुर्ची ओढली, बसले आणि मनगट टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं.

"आता बोला साहेब," मी म्हटलं. "मी गैरहजर आहे."