गुलाबी साबणाची वडी

"बाई, देवाले बायको असते का?"

प्रश्न भामाचा नव्हता. गीताने आणि मागच्या बाकावरच्या चौघींनी तो तिच्या गळ्यात घातला होता. "विचारून दाखव, उद्या माह्या डब्यातली सारी चिंच तुही," अशी पैज लागली होती. आणि भामा म्हणजे गेल्या महिन्यात नागपूरच्या इन्स्पेक्टरसाहेबांपुढे न अडखळता बोललेली पोरगी! आताशा तिला कुणाचंच भय वाटत नव्हतं. चिंच नसती तरी तिने विचारलं असतं.

वर्ग खुसखुसला. आता मार्थाबाई पट्टी काढणार, असं सगळ्यांना वाटलं. पण बाईंनी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"होती," त्या म्हणाल्या. "आज तेच शिकायचंय. एक सबंध देशच देवाची बायको होता."

मग बाई इस्राएलातल्या एका जुन्या संदेष्ट्याचं बोलणं सांगत गेल्या. देवाने त्या देशाला धान्य दिलं, तेल दिलं, लोकर दिली. देश मात्र म्हणू लागला, हे सगळं मला माझ्या यारांनी दिलं. आणि परक्या देवांच्या मागे फिरू लागला. तेव्हा देव कोपला. म्हणाला, मी हिची वाट काट्यांनी बंद करीन, बाहेर पडायला हिला पाऊलवाटसुद्धा सापडणार नाही.

भामाचं हसू ओठांवरच वाळलं. काट्यांनी बंद केलेली वाट तिने परवाच पाहिली होती. रोहिणखेडला, थोरल्या बहिणीच्या, कोकिळाताईच्या सासरी, मागच्या दाराशी.

"मंग तिले कोणी विचारलं का, बाई?" ती अजून उभीच होती. "हे कोनं दिलं म्हणून?"

"विचारून काय उपयोग? देणारा कोण, हे तिला ठाऊकच नव्हतं."

"पण देणाऱ्याले तं ठाऊक होतं ना! तो काऊन गप्प बसला?"

"तो कुठे गप्प बसला, भामा? बोलला, म्हणून तर आपल्याला कळलं."

भामा खाली बसली. गीताने तिच्या पाठीत ढोसलं, "जिंकली व पोट्टे!" पण भामाला ते ऐकूच आलं नाही.

झालं होतं ते असं. हिंमतरावांनी, म्हणजे भामाच्या बाबांनी, तिला मिशनच्या शाळेत घातलं ते एका अटीवर: पोरीने शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला बसायचं नाही. तसा अर्जच त्यांनी दिला होता. अशा मुलींनी त्या वेळी व्हरांड्यात शिवण करत बसायचं. पण आत गोष्टी रंगलेल्या आणि बाहेर हातात उसवलेला रुमाल, हे किती दिवस सोसायचं? भामा दोन दिवस व्हरांड्यात बसली, तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात, आणि आठवड्याभरात आतल्या बाकावर. "घरी सांगितलंस ना?" बाईंनी एकदा विचारलं. भामाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच माहीत.

पुढे शास्त्राच्या पाठांतरात ती पहिली आली. बक्षीस म्हणून शाळेच्या मडमेने नावाची चिठ्ठी आणि गुलाबी साबणाची वडी दिली. काय तिचा वास! शिवणाच्या पिशवीत ठेवली तर दोराही घमघमायला लागला. घरी दाखवायची तर सोय नव्हती. नागपंचमीला ताई माहेरी आली, तेव्हा भामाने तिच्या कानात सगळं सांगून वडी गुपचूप तिच्या पेटीत सरकवली.

ताईने सासरी एकदाच त्या साबणाने तोंड धुतलं. सासूला वास आला. ताईच्या नवऱ्याने, शेषरावभाऊजींनी, पेटी उपसली. "हा कोनं दिला?" असला साबण साऱ्या रोहिणखेडात कुणाकडे नव्हता. ताई बोलेना, तसा परक्या पुरुषाचा संशय आला. भाऊजींनी माहेरी माणूस पाठवून विचारलं, तर हिंमतरावांनी खरं तेच सांगितलं, आमच्या घरात असला साबण कधी आलाच नाही. त्या एका खऱ्या बोलण्याने ताई पुरती अडकली. मागच्या दाराला बोराटीचे काटे लागले, पुढच्या दारात सासू बसली. विहिरीवर जाणंसुद्धा बंद.

रविवारी भामा मायसोबत तिथे गेली होती. माय पुढे सासूच्या विनवण्या करत होती, तेव्हा ही घराला वळसा घालून मागे गेली. काट्यांपलीकडे ताई उभी होती. तिचे केस विंचरलेले नव्हते.

"ताई, सांगून टाकू का व?"

"येडी झाली का? बाबा त्याच दिवशी तुही शाळा बंद करतीन. जळगाव जामोदचे पाहुणे तं तुले पाहाले बसलेच हायेत."

"अन् तू?"

"मी काय, भाकर भेटते मले." ताईने काट्यांतून दोन बोटं बाहेर काढली आणि भामाचा हात धरला. "माह्या गळ्याची शपथ हाय तुले. बोलशील तं मेलेलं तोंड पाहशील माहं."

शपथ घातली आणि वर हसली! बोटं मागे घेताना काटा लागला, तरी हसलीच.

आज शाळेतून परतताना भामाला वाटेवरच्या शेतांच्या धुऱ्या-बांधांवर बोराटीच दिसत होती. बोलावं तर शपथ मोडते. न बोलावं तर ताई मोडते. मधून निघायला जागाच नाही.

घरी बाबा ओसरीवर बसले होते. शेजारी धुतलेलं पागोटं ठेवलं होतं.

"उद्या पंच बसणार हायेत रोहिणखेडले," ते मायला सांगत होते. "जवायाच्या पायावर पागोटं ठेवीन. म्हणीन, पोरगी चुकली, पदरात घ्या."

"अन् नाही घेतली तं?" माय म्हणाली.

"तं घेऊन येईन. पेटीसंगट."

पोरगी चुकली! भामाच्या कानशिलात कढ आला. ती आत गेली, शिवणाच्या पिशवीच्या तळाचा टाका दातांनी तोडला आणि आत लपवलेली बक्षिसाची चिठ्ठी आणून बाबांच्या पुढ्यात ठेवली. हिंमतरावांनी ती एकेक अक्षर लावत वाचली. शास्त्रपाठांतर. पहिला क्रमांक. कुमारी सत्यभामा हिंमतराव. बक्षीस: साबण.

"तू बसत होती त्या तासाले?"

"हाव."

"अन् साबण..."

"म्याच देल्ला ताईले. माही शाळा सुटू नये म्हणून थे गप्प राह्यली."

माय कपाळाला हात लावून खालीच बसली. "अवो माय, आधी काऊन नाही बोलली व?"

"तिनं गळ्याची शपथ घातली होती." भामाने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "मोडली म्या आता. काय पाप लागंल थे मले लागो."

बाबांनी चिठ्ठीची घडी केली, पुन्हा उलगडली. "शाळेचं आता मी काही बोलत नाही," ते सावकाश म्हणाले. त्यांचा असा सूर भामाला ठाऊक होता. त्याचा अर्थही: शाळा संपली.

फळा, बाक, गीताची चिंच, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"बाबा, माय, ऐका," ती म्हणाली. "उद्या पागोटं कोनाच्याच पायावर ठेवाचं नाही. मी तुमच्यासंगं रोहिणखेडले येईन, पंचायपुढं उभी राहीन अन् ही चिठ्ठी वाचून दाखवीन. मंग मागच्या दाराचे काटे माह्या हातानं काढीन. त्याच्यानंतर मले शाळेत पाठवाचं का नाही, थे तुमी ठरवा."